कुंकू लावलेलं पिस्तूल

खंडेनवमीला आमच्या जबलपूरजवळच्या खमरियाच्या क्वार्टरमध्ये पाटावर काय काय बसायचं! विळी, अडकित्ता, कात्री, ह्यांची मोजमापाची हत्यारं आणि सगळ्यांच्या पुढे, लग्नातल्या विहीणबाईच्या तोऱ्यात, अनसूयावन्संचं पिस्तूल. पिस्तूल म्हणजे तळहातावर मावेल एवढंसं. मला ते पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको असायचं. एक तर घरात असली वस्तू म्हणजे जिवाला घोर. आणि दुसरं म्हणजे त्याची पूजा करताना आमचे हे जेवढे हळवे व्हायचे, तेवढे आमच्या लग्नातसुद्धा झाले नव्हते.

हे म्हणजे मुरलीधर, माझे यजमान. तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत माल तपासायच्या खात्यात होते. दिवसभर तोफगोळ्यांचे सुटे भाग मोजायचे आणि केसभर फरक दिसला की ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूला काढायचे. घरी आल्यावरही त्या जिभेला विसावा नसे. माझी पोळी रिजेक्ट, दूधवाल्याचं दूध रिजेक्ट, रेडिओवरचा गवई रिजेक्ट. एकदा माझ्या सख्ख्या भावाला बघून आल्यावरही तोच शब्द तोंडातून निघाला होता, तेव्हा दोन दिवस त्यांना मी फक्त वरण-भात वाढला.

अनसूयावन्सं ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांचे यजमान श्रीरंगराव जंगलखात्यात रेंजर होते. तापाचं निमित्त होऊन ते गेले, तेव्हा वन्संची तिशीही उलटली नव्हती. पण त्या कपाळाला हात लावून बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन सुईणपणाचं शिक्षण घेतलं, परत आल्या आणि आमच्याकडे राहून बाळंतपणं करू लागल्या. फॅक्टरीतल्या माणसांच्या बायकांना इस्पितळ होतं. डुमन्याच्या जंगलापलीकडच्या खेड्यांतल्या बायकांना कोण होतं? त्यांना वन्सं होत्या. बळीराम टांगेवाला तिकडचाच. त्यानं निरोप आणला की वन्सं आपली खाकी पिशवी उचलायच्या आणि निघायच्या. पिशवीत कात्री, उकळलेला दोरा, औषधाच्या बाटल्या आणि श्रीरंगरावांच्या मागे लायसनसकट वन्संच्या नावावर झालेलं ते पिस्तूल. त्या रस्त्यावर बिबटे हिंडायचे. हवेत बार काढला की बिबट्या वाट सोडतो, असं श्रीरंगराव सांगून गेले होते.

पिस्तूल बेल्जियमच्या एका कंपनीचं होतं. नाव असं की उच्चारायला गेलं तर दात पडावेत. मुठीवर हरणाचं डोकं कोरलेलं, म्हणून आमच्या घरात ती ‘हरीणछाप कंपनी’.

श्रीरंगराव होते तोवर ते पिस्तूल उघडून, पुसून, तेल देऊन ठेवायचे. ते गेल्यावर त्याचा ताबा आमच्या ह्यांनी घेतला. उघडायची ह्यांची छाती नव्हती, पण पूजा मात्र साग्रसंगीत. सोवळं नेसायचं, पिस्तुलाला गंध लावायचं, हळद वाहायची, ओलं कुंकू बोटानं दाबून लावायचं, वर अक्षता आणि पंचामृताचे चार थेंब. मी एकदा म्हटलं, “अहो, त्याला आंघोळ नाही का घालत?” तर माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. पुसायचं नावही काढायचं नाही. देवाच्या अंगावरचं कुंकू कोणी पुसतं का? दिवाळीपर्यंत ते आपोआप झडेल तेवढं झडायचं. बाकीचं कुठे जात होतं, ते देवालाच ठाऊक.

बासष्ट सालचा दसरा झाला आणि चीनचं युद्ध पेटलं. फॅक्टरी रात्रंदिवस धडधडू लागली. हे दोन दोन पाळ्या करायचे, घरी येऊन ताटावरच पेंगायचे. आम्ही बायकांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या लढाईच्या निधीला काढून दिल्या. मी एक ठेवून घेतली हे कोणाला सांगितलं नाही, आता सांगते. अशा दिवसांत एकदा संध्याकाळी वन्सं पलीकडच्या गावातून बाळंतपण उरकून परत येत होत्या. नाल्याच्या पुलाशी टांग्याचा घोडा थबकला. समोर रस्त्यातच बिबट्या बसलेला. वन्संनी शांतपणे पिस्तूल काढलं, हात वर केला आणि चाप ओढला.

टिक.

पुन्हा ओढला. पुन्हा टिक. अडकित्त्यात सुपारी निसटावी तेवढाच आवाज. घोडा बिथरला, टांगा नाल्यात कलला आणि वन्सं उजव्या खांद्यावर पडल्या. बळीरामनं आरडाओरडा करून चाबूक टांग्याच्या पत्र्यावर बडवला तेव्हा बिबट्या आपल्या मर्जीनं उठून निघून गेला. “बाईसाब को तो उसने ऐसे देखा जैसे कोई तमाशा देखता है,” असं बळीराम नंतर सांगायचा.

खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. ते सांधलं, पण हात पुरता वर जाईना. त्याहून वाईट म्हणजे ह्यांनी फर्मान काढलं, “अक्का, आता बस. हे पिस्तूल ठीक होत नाही तोवर डुमन्याच्या जंगलाकडे पाऊल टाकायचं नाही.” वन्सं ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण त्या वेळी ऐकलं. चाप ओढल्यावर झालेला तो टिक आवाज त्यांच्या कानातून जात नव्हता, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. खाकी पिशवी खुंटीला लागली.

मग आमच्या ह्यांनी कंपनीला इंग्रजीत पत्र लिहिलं. लिहिताना तोंडानं मोठ्यानं वाचत होते, म्हणून मला त्याचा रोख कळला. आम्ही स्वतः हत्यारांच्या धंद्यातली माणसं आहोत, आम्हाला फसवू नका. तुमच्या मालावर विश्वास ठेवून एक विधवा स्त्री जंगलातून जाते आणि तुमचा माल ऐन वेळी दगा देतो. याला आमच्याकडे एकच शब्द आहे आणि तो म्हणजे रिजेक्ट. सदर बाजारात बंदुकांचं दुकान होतं, त्याचे मालक गुणवंतभाऊ. त्यांच्यामार्फत परवान्यांचे सोपस्कार करून पिस्तूल बोटीनं बेल्जियमला गेलं.

“भैया, जवाब की उम्मीद मत रखना,” गुणवंतभाऊ म्हणाले. “एवढ्याशा पिस्तुलासाठी कोण विचारून राहिलं आपल्याला?”

मलाही तेच वाटत होतं. साता समुद्रापलीकडचे ते गोरे, त्यांना जबलपूर म्हणजे काय हेही माहीत नसेल. आपल्या गल्लीतला शिंपी बाही सैल झाली म्हणून ब्लाउज परत दिला तर तीन महिने तोंड दाखवत नाही.

त्या उन्हाळ्यात बळीराम एक दिवस दारात येऊन उभा राहिला. निरोप घेऊन नव्हे. आत ये म्हटलं तर आला नाही. त्याच्या गावातली फुलवती नावाची बाई अडली होती, मूल आडवं होतं. दोन दिवस तशीच तळमळली. बैलगाडीतून शहराकडे आणायला निघाले, ती वाटेतच गेली. मूलही गेलं. “आपको बुलाने आ रहा था,” तो म्हणाला, “फिर सोचा, साहब ने मना किया है.” वन्सं उठल्या. आत जाऊन खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यावरची धूळ पदरानं पुसली आणि पुन्हा तिथेच लावली. फुलवतीचं पहिलं बाळंतपण वन्संनीच केलं होतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि मी आग्रह केला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी कंपनीचं पाकीट आलं. पत्राबरोबर कापसात गुंडाळलेली एक बारीक काचेची कुपी होती आणि कुपीत तळाशी चिमूटभर काहीतरी लालसर-पिवळं, चिकटलेलं. हे पत्र वाचून मराठीत सांगू लागले. लिहिणाऱ्याचं नाव लांबेर. तक्रारींच्या खात्यातले कोणी गृहस्थ. आधी त्यांनी बाईंच्या खांद्याबद्दल विचारलं होतं; हाड सांधलं का, दुखतं का. पिस्तुलाचं पुढच्या परिच्छेदात.

“पिस्तूल पूर्ण उघडून पाहिलं,” हे वाचत होते. “चाप ओढल्यावर जी सुई काडतुसावर आपटते, तिच्या वाटेत आम्हाला एक लाल भुकटी मिळाली, एक पिवळी भुकटी, तांदळाचा तुकडा आणि एक गोड, चिकट पदार्थ. नमुना सोबत आहे. आमच्या रसायनतज्ज्ञांना लाल भुकटी ओळखता आली नाही. आपल्या हवामानात वंगण म्हणून हे मिश्रण वापरतात काय? तसं असल्यास कृपया प्रमाण कळवावं, म्हणजे पुढच्या बनावटीत आम्हाला त्याचा विचार...”

इथे ह्यांनी पत्र खाली ठेवलं. मी कुपी उजेडात धरली. हळद, कुंकू, अक्षता आणि पंचामृत! सात खंडेनवम्यांचा प्रसाद त्या काचेत बसला होता. नाचता येईना अंगण वाकडं, तशी आमची गत. मला असं हसू फुटलं की मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. हे मात्र खुर्चीत मातीच्या गणपतीसारखे बसून राहिले. दिवसभर दुसऱ्यांच्या मालात केसाएवढी खोट शोधणारा माणूस, आणि खोट निघाली त्याच्याच बोटाची.

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी कुपी माझ्या हातातून घेतली आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या.

“प्रमोदिनी,” त्या म्हणाल्या, “गोड आहे हे त्यांना कसं कळलं गं?”

“म्हणजे?”

“कोणीतरी जिभेवर ठेवून पाहिलं असेल ना. परक्या देशातल्या, परक्या बाईच्या पिस्तुलातली घाण. तिला ऐन वेळी दगा काहून झाला, हे कळावं म्हणून.”

माझं हसू जागच्या जागी थांबलं. खरंच होतं ते. तिकडे कुठेतरी एका साहेबानं आमचं शिळं पंचामृत तीर्थासारखं जिभेवर घेतलं होतं. 

ह्यांचं म्हणणं, आता उत्तर द्यायचं नाही. फार तर ‘इकडच्या हवेमुळे’ असं काहीतरी मोघम लिहावं. वन्संनी त्यांना पुन्हा टेबलाशी बसवलं. “लिही मुरली. मी सांगते तसंच लिही.” मग त्यांनी सगळं सांगितलं. हे वंगण नाही. वर्षातून एक दिवस आम्ही हत्यारांची पूजा करतो, आणि ती बंद करणार नाही. एक दिवस त्यांना हात जोडतो, म्हणून बाकीचे दिवस त्यांना भिऊन राहतो. ज्या घरात हत्याराला हात जोडत नाहीत त्या घरात ते खेळणं होतं. चूक आमची आहे, तुमची नाही. पिस्तूल साफ करून परत पाठवावं एवढीच विनंती. आणि खांद्याबद्दल विचारलंत त्याबद्दल आभार. हाड सांधलं आहे, पण उजव्या हातात पूर्वीचा जोर नाही आणि आता पिस्तुलाचा वरचा भाग मागे ओढणं जड जाईल, असं वाटतं.

हे खाली मान घालून लिहीत होते. ‘चूक आमची’ या शब्दांशी टाक थोडा अडखळला. पण लिहिलं.

त्यानंतर वाट बघणं आलं. कंपनीनं किती दिवस घेतले आणि दोन्हीकडच्या परवान्यांनी किती, याचा हिशेब मी कधीच मांडला नाही. एक खंडेनवमी पिस्तुलाशिवाय गेली, मग दुसरीही. वन्सं शहरात, चेरीतालच्या एका लहानशा प्रसूतिगृहात जाऊ लागल्या. तिथे बसनं जाता यायचं. पण पलीकडच्या गावांतून येणाऱ्या दूधवाल्याला त्या रोज विचारायच्या, तुमच्याकडे कोणाला दिवस आहेत, कोणाला कितवा महिना. विचारून झालं की दुधाचं पातेलं उचलून आत जायच्या. मी ते बघायची आणि मला कंपनीचा, ह्यांचा, बिबट्याचा, सगळ्यांचाच राग यायचा.

पासष्टच्या श्रावणात गुणवंतभाऊ स्वतः पेटी घेऊन आमच्या घरी आले. एवढा जाडजूड माणूस, पण पेटी अशी धरली होती जशी बारशाची परात. “भैया, चालीस साल से धंदा करून राहिलो,” ते म्हणाले, “असं कधी बघितलं नाही.”

पेटीत निळ्या मखमलीत पिस्तूल होतं. तेच, आमचंच. पण नुसतं साफ केलेलं नव्हे. सुईच्या वाटेवर पापणीसारखी एक बारीक झडप बसवली होती. चाप ओढला की उघडते, सोडला की मिटते. वरून कुंकवाचा कणही आत जायचा नाही. वरचा भाग मागे ओढायला आता पूर्वीच्या निम्मा जोर पुरत होता आणि धरायला त्याच्या दोन्ही अंगांना खरखरीत खाचा पाडल्या होत्या, दुबळ्या हाताची पकड निसटू नये म्हणून. वन्संनी पत्रात जाता जाता लिहिलेलं एक वाक्य, ते त्यांनी लोखंडात उतरवलं होतं. आणि मुठीवर, हरणाच्या डोक्याच्या वर, नाण्याएवढी पितळेची गोल चकती जडवली होती. तिचा मध्य किंचित खोलगट. पहिल्यांदा कोणाला काही कळेना.

मग ह्यांनी लांबेरसाहेबांचं पत्र वाचलं. “चकती पूजेसाठी आहे. लाल आणि पिवळी भुकटी कृपया तिथे लावावी. चूक आपली आहे असं आपण लिहिलंत, ते आम्हाला मान्य नाही. आमचं पिस्तूल आपल्या घरात राहायला आलं आहे. आपल्या घरच्या चालीरीती त्याला सोसता आल्या पाहिजेत. यापुढे आपल्या देशात येणाऱ्या प्रत्येक पिस्तुलाला ही झडप असेल. या दुरुस्तीचं काहीही देणं नाही.”

मला सासरी पाठवताना माझ्या आईनं अगदी हेच सांगितलं होतं, तिकडच्या रीतीभाती सोसायला शिक. पण लेकीला सांगणं वेगळं. लोखंड बनवणाऱ्या माणसानं स्वतःच्या लोखंडाला हे सांगावं? पूजा बंद करा असं एका ओळीत लिहिलं असतं तर भागलं असतं. त्याऐवजी कुंकवाला जागा करून दिली. वन्संनी त्या चकतीवरून अंगठा फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. श्रीरंगराव गेल्यापासून मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. हे पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले. गुणवंतभाऊंना चहा द्यायचाही मी विसरले.

दुसऱ्या दिवशी गुणवंतभाऊंच्या दुकानामागे वाळूच्या पोत्यांवर वन्संनी बार काढून पाहिले. एकही टिक झाला नाही.

आता वन्सं पुन्हा जाऊ लागतील असं मी धरून चालले होते. पण तेवढ्यात दुसरी लढाई लागली. पाकिस्तानची. पुन्हा दोन पाळ्या, पुन्हा भोंगे. संध्याकाळ झाली की दिवे बंद, खिडक्यांना काळे कागद. खमरिया म्हणजे दारूगोळ्याचं कोठार, इथे काडी ओढायचीही चोरी. छत्रीधारी सैनिक उतरले म्हणून रोज एक नवी अफवा. गावोगावचे लोक लाठ्या घेऊन पहारे देत होते.

अशाच एका संध्याकाळी दिवेलागणीच्या, म्हणजे दिवे न लावण्याच्या वेळी बळीराम धापा टाकत आला. त्याची थोरली मुलगी रमकली बाळंतपणाला माहेरी आली होती. कळा सुरू होऊन दिवस उलटला होता. मूल आडवं आहे, असं गावातली दाई म्हणत होती. “बाईसाब,” एवढंच म्हणून तो उंबऱ्याशी बसला.

वन्संनी खुंटीवरची पिशवी काढली.

हे रात्रपाळीला निघाले होते, ते दार अडवून उभे राहिले. “अक्का, डोकं फिरलं काय तुझं? टांग्याला दिवा लावता येत नाही. जंगलाचा रस्ता, त्यात ही लढाई. तुझा हात असा. काहून जिद्द करून राहिली?”

“पिस्तूल आहे ना आता.”

“पिस्तूल ठीक झालं म्हणून काय झालं? एवढंसं तर आहे ते!”

वन्संनी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, भांडतील. पण आवाज अगदी हलका होता.

“मुरली, हे पिस्तूल काहून सुधारलं? मी जगली म्हणून. जगली, म्हणून तक्रार करता आली, म्हणून तिकडे कोणी ऐकलं. फुलवतीनं कोणाकडे तक्रार करायची होती? तिची कंपनी कोण? मीच ना? ती तळमळून राहिली होती आणि मी इथे घरात बसली होती. तक्रार करायला माणूस उरावं लागतं रे.”

 बाहेर फॅक्टरीचा भोंगा झाला. ह्यांनी वाकून पिशवी उचलली, स्वतः टांग्यापर्यंत नेली आणि वन्संना हात धरून वर बसवलं. बळीरामला म्हणाले, “सम्हालके.” मग सायकल काढून ते फॅक्टरीकडे गेले आणि टांगा डुमन्याकडे.

ती रात्र मी कशी काढली ते सांगत नाही. देवाला काय काय कबूल केलं तेही सांगत नाही, अजून सगळं फिटलेलं नाही.

सकाळी ऊन वर आल्यावर टांगा आला. त्याच्या मागे लाठ्या घेतलेली आठ-दहा माणसं चालत आलेली, वरातीसारखी. वन्सं उतरल्या. साडीवर रक्ताचे डाग, केस सुटलेले, आणि तोंडावर असं तेज की मी नमस्काराला वाकले. “दोघं सुखरूप,” त्या म्हणाल्या. “मुलगी झाली. पाय धरून वळवावी लागली. आधी चहा दे.”

तेवढ्यात हेही पाळी संपवून आले. सायकल भिंतीला टेकवायचं भान नव्हतं, ती आडवी पडली. वन्संनी चहा पिता पिता सांगितलं. त्याच नाल्याच्या पुलाशी घोडा पुन्हा थबकला होता. अंधारात दोन डोळे. वन्संनी पिस्तुलाचा वरचा भाग ओढला. दुखऱ्या हातानं सहज ओढला गेला. हवेत बार काढला. डोळे विझले. पण मजा पुढेच होती. बार ऐकला आणि छत्रीधारी उतरला म्हणून दोन गावांची माणसं लाठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावत आली! टांग्यात बघतात तर नर्सबाई. मग तीच माणसं टांग्याच्या पुढे-मागे पळत वन्संना रमकलीच्या दारापर्यंत घेऊन गेली आणि मूल रडेपर्यंत अंगणातच बसून राहिली. बळीराम हसत होता, रडत होता. “लंबे साहब की जय हो,” असं तो, लांबेरसाहेबांचं ‘लंबे’ करून, त्या लाठीवाल्यांना म्हणायला लावत होता आणि ते बिचारे कोणाची जय हे न कळताही म्हणत होते.

मी हसले. वन्संही हसल्या. हे हसले नाहीत. ओट्यावर बसून आपल्या हातांकडे बघत होते. रात्रभर माल तपासून बोटांना तेलाचे काळे डाग पडले होते.

“अक्का, तक्रार करायला माणूस उरावं लागतं म्हणालीस ना,” ते म्हणाले, “बासष्टपासून आमचा एवढा माल लढाईवर जाऊन राहिला. माझ्या हातून पास झालेला. आजवर एकाही जवानाची तक्रार माझ्यापर्यंत आली नाही.” मग म्हणाले, “मी आतापर्यंत समजत होतो, माल चांगला आहे म्हणून.”

वन्संनी कप खाली ठेवला.  मी पानं घ्यायला आत गेले. बाहेर आले तर हे बूट चढवत होते. त्यांची पुढची पाळी दुपारनंतर होती, रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. “तयार झालेल्या पेट्या अजून गेटच्या आतच असतील, पुन्हा उघडून तपासतो,” एवढंच म्हणाले, आणि पडलेली सायकल उचलून फॅक्टरीकडे गेले.